किरकोळ वस्तूंचा संग्रह: निवड, नोंद, पारख आणि जपणूक

डेन्मार्कमधील वैद्य ओले वोर्म यांनी सतराव्या शतकात कोपनहेगन येथे शिंपले, शिंगे, अवजारे, खनिजे आणि दूरदेशीच्या चमत्कारिक वस्तू यांचे एक दालन उभे केले होते. त्यांच्या मृत्यूनंतर तो संग्रह डेन्मार्कच्या राजाच्या संग्रहात मिसळून गेला, आणि आज त्या दालनाची ओळख आपल्याला होते ती मुख्यतः १६५५ मध्ये छापून निघालेल्या त्याच्या वर्णनग्रंथामुळे. काडेपेटीची लेबले, वापरलेली तिकिटे, बाटल्यांची बुचे, बटणे, बिल्ले, वेष्टने अशा वस्तू जमवणाऱ्याने ही गोष्ट पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावी, कारण या वस्तूंना स्वतःचे मोल जवळजवळ नसतेच. वस्तू कुठे, केव्हा आणि कोणाकडून मिळाली व कशासाठी वापरली जात होती, हे सांगणारे चार शब्द सोबत असतील तरच तिला अर्थ राहतो. ते शब्द हरवले की तिकीट हा केवळ रंगीत कागदाचा तुकडा उरतो. म्हणून या लेखात वस्तू मिळवण्यापेक्षा तिची नोंद आणि पारख यांविषयी अधिक लिहिले आहे.

मर्यादा आखणे

संग्रहाचा विषय एका वाक्यात लिहिता आला पाहिजे. ‘जुन्या वस्तू’ हा विषय होऊ शकत नाही. ‘प्राण्यांची चित्रे असलेली काडेपेटीची लेबले’ किंवा ‘एकाच मार्गावरील प्रवासाची तिकिटे, वर्षानुवर्षे बदलत गेलेल्या रंगांसह’ हा होऊ शकतो. विषय अरुंद ठेवला तर आनंद कमी होईल अशी भीती अनेकांना वाटते, परंतु अनुभव याच्या उलट येतो. शंभर सारख्या वस्तू शेजारी ठेवल्यावरच छपाईतला, शब्दांतला आणि आकारातला बारीक फरक दिसू लागतो, आणि तो फरक का पडला हा प्रश्न पडणे हेच या छंदाचे खरे सुख आहे.

ज्यांचा जीव मुळातच विविधतेवर आहे, त्यांनी विषयवार विभागणीचा मार्ग धरावा. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात जॉन जॉन्सन यांच्या नावाचा प्रचंड संग्रह आहे. विद्यापीठाचे मुद्रक असलेल्या या गृहस्थांनी जाहिराती, तिकिटे, लेबले, हस्तपत्रके असे एरवी फेकून दिले जाणारे छापील कागद जमवले आणि ते विषयांच्या मथळ्यांखाली लावले; म्हणूनच आज अभ्यासकाला त्यांचा उपयोग करता येतो. अशा कागदांकडे गांभीर्याने पाहणाऱ्यांची एक संस्था ब्रिटनमध्ये १९७५ मध्ये मॉरिस रिकर्ड्‌स यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. हा छंद किरकोळ समजणाऱ्यांना एवढा दाखला पुरेसा व्हावा.

काही वस्तू मात्र घेऊच नयेत, किंवा घेतल्यास जाणीवपूर्वक ठेवाव्यात. काडेपेट्या जमवताना आतील काड्या काढून टाकाव्यात. भरलेल्या पेट्यांचा साठा म्हणजे घरात आगीला निमंत्रण आहे. फार जुन्या काड्यांची गोष्ट त्याहून गंभीर आहे, कारण घर्षणाने पेटणारी काडी इंग्लंडमधील औषधविक्रेते जॉन वॉकर यांनी १८२७ मध्ये विकायला सुरुवात केल्यानंतर काही वर्षांतच काड्यांमध्ये पांढरा फॉस्फरस वापरला जाऊ लागला, आणि तो इतका विषारी असतो की १९०६ च्या बर्न करारान्वये काड्यांमधील त्याच्या वापरावर बंदी घालण्यात आली. अंधारात चमकणाऱ्या रेडियमच्या रंगाने रंगवलेल्या जुन्या घड्याळांच्या तबकड्या उघडू नयेत, कारण त्यातील धूळ श्वासावाटे शरीरात जाणे घातक ठरते. हस्तिदंत, कासवाचे कवच, काही प्रवाळ आणि शिंपले यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७३ मध्ये झालेल्या सायटिस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या कराराची बंधने आहेत. त्यामुळे अशी वस्तू, अगदी एखादे बटणही, परदेशातून मागवण्यापूर्वी नियम पाहावेत.

नोंद: वस्तू हाती आली त्याच दिवशी

नोंद करण्याचे काम रविवारवर ढकलले की ते होत नाही. आठवड्याभरात दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात आणि महिन्याभरात आपण खात्रीने चुकीचे सांगू लागतो. सुरुवातीच्या काळात मी पाकिटांवर केवळ वर्ष लिहीत असे. त्या पाकिटांतील निम्म्याहून अधिक कागद कोणी दिले हे आज मला सांगता येत नाही, आणि ती माहिती परत मिळवण्याचा कोणताही मार्ग नाही, याची हळहळ अजून वाटते.

प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्यावा. वस्तुसंग्रहालयांत रूढ असलेली साधी पद्धत घरीही उत्तम चालते: मिळाल्याचे वर्ष, मग टिंब, मग त्या वर्षातील अनुक्रम. २०२४ मध्ये मिळालेली सतरावी वस्तू २०२४.१७ ठरते. विषयानुसार क्रमांक देण्याचा मोह टाळावा, कारण विषय पुढे बदलतात, फुटतात, एकत्र होतात. मिळाल्याचा क्रम मात्र कधीच बदलत नाही. हा क्रमांक शक्यतो पाकिटावर लिहावा. कागदी वस्तूवरच लिहायचा झाल्यास मऊ शिसपेन्सिलीने, मागच्या बाजूला, कोपऱ्यात, कठीण सपाट पृष्ठभागावर ठेवून आणि अगदी हलक्या हाताने लिहावा. शाईचे पेन वस्तूच्या आसपासही नसावे.

नोंदवहीत क्रमांकापुढे वस्तूचे नाव, मोजमाप मिलिमीटरमध्ये, त्यावरील मजकूर जसाच्या तसा, मिळाल्याची तारीख व ठिकाण, देणाऱ्याने सांगितलेली हकिकत आणि वस्तूची सद्यःस्थिती एवढे लिहावे. मजकूर उतरवताना मूळ शुद्धलेखन दुरुस्त करू नये. छापील चूक ही स्वतःच एक खूण असते. देणाऱ्याची हकिकत लिहिताना ती त्याच्या शब्दांत लिहावी आणि आपला तर्क वेगळ्या रकान्यात मांडावा. ‘हे तिकीट शेवटच्या फेरीचे आहे’ हे देणाऱ्याचे म्हणणे आहे की आपण तारखेवरून काढलेला निष्कर्ष आहे, हे दहा वर्षांनी वाचणाऱ्याला कळलेच पाहिजे.

छायाप्रत घेताना दोन्ही बाजू घ्याव्यात. मागची कोरी बाजूदेखील घ्यावी, कारण डिंकाचा डाग, पेन्सिलीचा आकडा, दुसऱ्या पानाची उमटलेली शाई हे सारे तिथेच असते. लहान वस्तूंसाठी इंचामागे ६०० बिंदू एवढी सूक्ष्मता ठेवावी आणि कडेला मोजपट्टी ठेवावी. मूळ प्रत टिफ या तपशील न गमावणाऱ्या स्वरूपात जपावी व इतरांना पाठवण्यासाठी आकाराने लहान असलेले जेपेग स्वरूप वापरावे. संगणकातील धारिकेचे नाव वस्तूच्या क्रमांकाने सुरू करावे. तारीख द्यायची असल्यास आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवावा, म्हणजे संगणक त्या आपोआप कालक्रमाने लावतो. या सर्वांच्या तीन प्रती असाव्यात आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी.

वय कसे ठरवावे

बहुतेक किरकोळ वस्तूंवर तारीख नसते, आणि संग्राहकाची खरी कसोटी इथेच लागते. यासाठी एक तत्त्व पक्के समजून घ्यावे: वस्तूवरील खूण सहसा केवळ खालची मर्यादा सांगते. एखादी वस्तू अमुक वर्षाच्या आधीची असू शकत नाही एवढेच त्यातून सिद्ध होते; ती त्याच वर्षाची आहे हे सिद्ध होत नाही. ती खूण नसणे याला तर पुरावा म्हणून फारच थोडे वजन आहे. हा फरक विसरल्यामुळे जितक्या चुकीच्या तारखा लिहिल्या जातात, तितक्या दुसऱ्या कोणत्याही कारणाने लिहिल्या जात नसाव्यात.

उदाहरणे पाहू. दुकानातील वेष्टनावरच्या उभ्या रेघांचा बारकोड प्रत्यक्ष विक्रीच्या वेळी प्रथम वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका बाजारात, च्युइंगमच्या पाकिटावरून. म्हणजे असा बारकोड असलेले वेष्टन सत्तरच्या दशकाच्या आधीचे म्हणून कोणी दाखवले, तर तेथेच थांबावे. चौकोनी क्यूआर कोड जपानमध्ये १९९४ मध्ये तयार झाला. एकमेकांमागे धावणाऱ्या तीन बाणांचे पुनर्वापराचे चिन्ह १९७० चे आहे. पुस्तकाच्या मागील आयएसबीएन क्रमांक तेरा आकडी असेल तर ती प्रत सर्वसाधारणपणे २००७ किंवा त्यानंतरची असते, कारण त्या वर्षाच्या आरंभी दहा आकडी पद्धत बदलली. पोस्टकार्डाची मागची बाजू मधोमध रेघ मारून पत्ता आणि मजकूर यांत विभागलेली असेल, तर ब्रिटनमध्ये ते १९०२ पूर्वीचे नसते आणि अमेरिकेत १९०७ पूर्वीचे नसते. वरच्या मर्यादेसाठी देशांची नावे उपयोगी पडतात: ‘सिलोन’चे नाव १९७२ मध्ये श्रीलंका झाले, आणि ‘पश्चिम जर्मनीत बनवलेले’ हे शब्द १९४९ ते १९९० या पट्ट्यात बसतात. तरीही जुनी छापील वेष्टने शिल्लक असेपर्यंत वापरली जातात, हे लक्षात घेऊन दोन-चार वर्षांची सूट नेहमी ठेवावी.

मजकुरानंतर कागद आणि छपाई पाहावी. त्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते, आणि माझ्या मते संग्राहकाची पहिली खरेदी तीच असावी. ऑफसेट पद्धतीने छापलेल्या रंगीत चित्रात चार रंगांचे ठिपके लहान फुलांच्या आकारात मांडलेले दिसतात. घरगुती इंकजेट छपाईत ठिपके विस्कळित पसरलेले असतात. खिळ्यांच्या छपाईत अक्षराच्या कडेला शाई दाबली जाऊन गडद किनार उमटते आणि कागदाच्या मागे बोटाला सूक्ष्म उठाव जाणवतो. ज्या लेबलातील रंग मूळ छपाईत एकसंध, सपाट असायला हवेत, तिथे भिंगाखाली फुलांसारखे ठिपके दिसले तर ती कोणीतरी मूळ लेबलाचे चित्र घेऊन केलेली नक्कल आहे असे समजावे. कृत्रिम रीतीने जुनाट केलेले कागदही भिंगातून उघडे पडतात, कारण खरा पिवळेपणा कडांकडून आत सरकत जातो, तर चहाच्या पाण्यात बुडवलेला कागद सर्वत्र सारखा तपकिरी होतो आणि घड्यांत डाग साठतात.

अतिनील प्रकाशाचा छोटा दिवा हे दुसरे साधन. १९५० च्या सुमारापासून कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक देणारी रसायने मिसळली जाऊ लागली, आणि असा कागद या दिव्याखाली निळसर पांढरा झगमगतो. त्यामुळे १९२० मधील म्हणून दाखवलेले लेबल झगमगले तर तो दावा टिकत नाही. झगमगले नाही, तर मात्र त्यावरून काहीच ठरत नाही. आजही अनेक कागद या रसायनांविना बनतात. दिव्याच्या प्रकाशाकडे थेट पाहू नये.

बटणे ओळखताना तापलेली सुई टोचण्याची जुनी युक्ती कोणी सांगितली तर ती मुळीच करू नये. सेल्युलॉइडची बटणे क्षणात पेट घेतात. त्याऐवजी बटण बोटांवर जोराने घासून लगेच वास घ्यावा. कापरासारखा वास आल्यास ते सेल्युलॉइड असण्याची शक्यता बरीच असते.

जपणूक

कागदाचे शत्रू प्रकाश, दमटपणा, आम्ल आणि कीड हे आहेत, आणि बऱ्याच वेळा यांना आपणच घरात आणतो. लाकडाच्या लगद्यापासून बनलेल्या स्वस्त कागदात लिग्निन शिल्लक राहते, ते प्रकाशाने पिवळे पडते व कागद आम्लधर्मी होऊन ठिसूळ होतो. असा कागद चांगल्या कागदाला चिकटून ठेवला तर चांगल्यावरही तपकिरी छाया उमटते, म्हणून वृत्तपत्राचे कात्रण इतर कागदांसोबत एकाच पाकिटात ठेवू नये. पाकिटे आम्लमुक्त कागदाची घ्यावीत. पारदर्शक पाकिटे हवी असल्यास ती पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीनची घ्यावीत. मऊ, तीव्र वासाची पीव्हीसीची पाकिटे कालांतराने आम्लधर्मी वाफ आणि तेलकट द्रव्य सोडतात व शाई ओढून घेतात.

पारदर्शक चिकटपट्टी कोणत्याही वस्तूला लावू नये. तिचा गोंद कागदात झिरपून पिवळा डाग पाडतो आणि तो डाग काढणे तज्ज्ञालाही जड जाते. फाटलेला कागद तसाच पाकिटात ठेवणे हे त्यापेक्षा कितीतरी चांगले. स्टेपलच्या तारा आणि टाचण्या गंजण्यापूर्वी काढाव्यात. हवेतील आर्द्रता ३५ ते ५० टक्क्यांच्या आसपास असावी. ६५ टक्क्यांच्या वर ती फार काळ राहिली तर बुरशी धरते. बाहेरच्या भिंतीला लागून असलेले कपाट, पोटमाळा आणि जमिनीलगतचा खण या जागा टाळाव्यात. हाताळताना हात स्वच्छ धुऊन कोरडे करावेत. कागदासाठी सुती हातमोज्यांपेक्षा हे चांगले, कारण हातमोज्यांत बोटांची संवेदना जाते आणि कडा फाटतात. धातूच्या बिल्ल्यांना मात्र हातमोजे वापरावेत, आणि बिल्ले वा नाणी कधीही चकाकवू नयेत.

कसर लागल्याची शंका असेल तर औषधे फवारू नयेत. वस्तू हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात किमान दोन आठवडे ठेवावी आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी न उघडता तशीच राहू द्यावी, म्हणजे दव वस्तूवर न जमता पिशवीवर जमते. काचेवरील छायाचित्रे आणि रंगाचे जाड थर असलेल्या वस्तू यांना हा उपाय चालत नाही. सेल्युलॉइडची बटणे इतरांपासून वेगळी, हवा खेळती राहील अशा खोक्यात ठेवावीत, कारण झिजताना ती जी आम्लधर्मी वाफ सोडतात तिने शेजारची धातूची बटणे गंजतात.

डकवलेले लेबल सोडवायचे असल्यास आधी ओल्या कापसाच्या टोकाने शाईची परीक्षा करावी. शाई न उतरल्यास लेबल चित्राची बाजू वर ठेवून कोमट पाण्यावर तरंगवावे, आपोआप सुटू द्यावे, चपट्या चिमट्याने उचलावे आणि टिपकागदांमध्ये वजनाखाली सुकवावे. एकाच छापाच्या दोन पेट्या मिळाल्या तर एक न सोडवता तशीच ठेवावी; पेटीवर लेबल कसे बसत असे हेही माहितीचाच भाग आहे.

थर्मल कागदावरील पावत्या आणि तिकिटे यांची आठवण वेगळी करून द्यावी लागते. यांत शाई नसतेच. कागदावरील रसायन उष्णतेने काळे होते आणि काही वर्षांत फिके पडत जाते. कोऱ्या कडेवर नखाने जोरात ओढल्यास करडी रेघ उमटली तर तो थर्मल कागद समजावा. त्याची छायाप्रत त्याच दिवशी घ्यावी आणि मूळ प्रत कागदी पाकिटात, अंधारात ठेवावी. आजच्या काळातील सर्वांत साधा दस्तऐवज हाच सर्वांत अल्पायुषी आहे, ही गोष्ट मला सतत अस्वस्थ करते.

इंटरनेटवर सापडलेल्या गोष्टी

केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ पासून एक कॅमेरा कॉफीच्या भांड्याकडे रोखून ठेवलेला होता, म्हणजे भांडे भरलेले आहे की रिकामे हे जागेवर बसून कळावे. १९९३ पासून ते दृश्य जगात कोणालाही पाहता येऊ लागले आणि २२ ऑगस्ट २००१ रोजी तो कॅमेरा बंद झाला. अशा विलक्षण गोष्टी इंटरनेटवर जन्मतात आणि तिथेच मरतात. जिओसिटीज या मोफत वेबपाने ठेवू देणाऱ्या सेवेवर लोकांनी हाताने बनवलेली असंख्य पाने २००९ मध्ये ती सेवा बंद झाली तेव्हा नाहीशी होण्याच्या बेतात होती. त्यांतील मोठा भाग वाचला तो काही स्वयंसेवकांनी वेळेत प्रती करून ठेवल्यामुळे.

म्हणून आवडलेल्या पानाचा केवळ दुवा साठवणे पुरेसे नाही. पानाचा पूर्ण पत्ता, शीर्षक, लेखकाने दिलेले नाव आणि आपण पाहिल्याची तारीख लिहावी, संपूर्ण पानाची धारिका उतरवून घ्यावी आणि वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या वेबॅक मशीनवर त्या पानाची प्रत जतन करण्याची विनंती द्यावी. ही सेवा इंटरनेट आर्काइव्हने २००१ मध्ये सर्वांसाठी खुली केली. तिथे मिळालेला नवा पत्ताही नोंदवहीत उतरवावा. पानात एखाद्या अनोळखी माणसाची खासगी माहिती असेल तर ती आपल्याजवळच ठेवावी, पुढे पसरवू नये.

विचित्र वस्तूचे छायाचित्र सापडले तर आधी चित्रावरून उलट शोध घ्यावा आणि मिळालेल्या प्रतींतील सर्वांत जुनी व सर्वांत मोठ्या आकाराची प्रत शोधावी. मूळ मथळा बहुधा तिच्याजवळ सापडतो आणि तो फिरत असलेल्या मथळ्यापेक्षा पुष्कळदा साधा असतो. त्यानंतर त्याच वस्तूचे दुसऱ्या कोनातून घेतलेले छायाचित्र आहे का, एखाद्या संग्रहालयाच्या यादीत तिचा क्रमांक आहे का, हे पाहावे. खऱ्या वस्तूला मागची बाजू असते. एकाच कोनातून, एकाच ठिकाणी दिसणारी आणि अक्षरे नीट न वाचता येणारी वस्तू संगणकाने रचलेली असण्याचा संभव मोठा आहे. विकत घेताना हीच कसोटी विक्रेत्याला लावावी आणि मागची बाजू, कडा, शेजारी मोजपट्टी, तसेच तिरप्या प्रकाशात घेतलेले एक छायाचित्र मागावे. जो ते द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नये.

या चिकित्सेने कुतूहलाचा रस कमी होत नाही. ओले वोर्म यांनीच १६३८ मध्ये दाखवून दिले की एकशिंगी घोड्याचे म्हणून राजेरजवाड्यांनी जपलेले शिंग हा वास्तविक नारव्हाल या समुद्री प्राण्याचा दात आहे. तो दात पूर्वीइतकाच विलक्षण राहिला, आणि शिवाय त्याला खरा धनी मिळाला.

संग्रहासोबत ठेवायचा कागद

पहिल्या खोक्यात सर्वांत वर एक पान ठेवावे. त्यावर संग्रहाचा विषय, क्रमांकांची पद्धत, नोंदवही आणि संगणकातील प्रती कुठे आहेत ती जागा, कोणत्या वस्तू हाताळताना धोका आहे त्यांचे क्रमांक, आणि पुढे हे सारे कोणाला द्यावे अशी इच्छा आहे ते लिहावे. एखाद्या ग्रंथालयाला किंवा संग्रहालयाला द्यायचे असल्यास आधी त्यांना विचारावे, कारण त्यांच्याही विषयाच्या आणि जागेच्या मर्यादा असतात. हे पान संगणकावर छापलेले असले तरी त्यावर तारीख आणि स्वाक्षरी असावी, आणि दरवर्षी ते एकदा वाचून जिथे बदल झाला असेल तिथे नवे पान घालून जुने पान मागे ठेवावे.